दार लावून बसलेला कोळी

बालमित्रांनो, आमच्या कट्ट्याला कधी आलात, तर रस्त्याकडेची जांभ्याची दरड नीट पाहा. एखादं गोल बीळ दिसेल, तोंडाशी पांढरं रेशीम. ते केसाळ कोळ्याचं, म्हणजे टॅरँटुलाचं घर, बरं का!

आमच्या चौथीतल्या एका मुलाने त्याचं पिल्लू माती भरलेल्या बरणीत पाळलं. चार दिवसांत ते मातीत गडप! बिळाचं तोंडही बंद. "बाई, मेलो तो!" म्हणत त्याने उकरायला काडी उचलली. मी त्याचा हातच धरला. का, ओळखा पाहू?

हा कोळी आपल्या सुळ्यांनी बीळ खणतो, माती रेशमात गुंडाळून बाहेर टाकतो. आत ओलावा टिकतो, शत्रूंपासून आडोसा मिळतो. वाढताना त्याला कात टाकावी लागते. तेव्हा अंग इतकं मऊ असतं, की काडीचा धक्काही जिवावर बेतेल. म्हणून तो आधी दार लावून घेतो.

तीन आठवड्यांनी दार उघडलं. स्वारी चांगली मोठी झाली होती! मग त्या मुलाने स्वतःच ती बरणी दरडीपाशी नेऊन त्याला सोडून दिलं.

तुम्हीही बीळ लांबूनच पाहा. बोट घालू नका हं, तो चावतो!