घंगाळावरचें नांव

नांदेड ते लातूर हें अंतर सुमारें १४० किलोमीटरांचें. लोहा, अहमदपूर, चाकूर या गांवांवरून जाणारा हा रस्ता आतां चौपदरी झाला आहे. गेल्या मार्गशीर्षांत एके सकाळीं मी एस्. टी. नें त्या वाटेनें निघालों, तेव्हां माझ्या पायांशीं गोणपाटांत गुंडाळलेलें एक तांब्याचें घंगाळ होतें. "गुरुजी, म्हातारपणीं भांड्यांचा व्यापार मांडलात कीं काय?" वाहकानें विचारलें. मी हंसलों, उत्तर मात्र देववलें नाहीं.

याच रस्त्यानें, पण लातुराकडून अहमदपुराकडे, १९४८ च्या मार्गशीर्षांत आमचे दादा, म्हणजे वडील, आजीला व आत्याबाईंना बैलगाडींत घालून बार्शीहून परत आले होते. रझाकारांच्या धुमाकुळांत गांवीं राहणें अशक्य झालें. बार्शी मुंबई प्रांतांत असल्यानें मराठवाड्यांतील कित्येक कुटुंबांनीं तिकडे आसरा घेतला होता. १३ सप्टेंबरला हिंदी फौजा निजामाच्या राज्यांत शिरल्या आणि १७ ला निजामानें शरणागति पत्करली.

एवढा इतिहास मीं तीस वर्षें मुक्तिदिनीं विद्यार्थ्यांना सांगितला. १९४६ मध्यें बिलोलीजवळ अर्जापूर येथें गोविंदराव पानसरे यांची झालेली हत्या, स्वामी रामानंद तीर्थांचा लढा, लातुरांत वकिली करणारा कासीम रझवी, हें सारें मीं सांगितलें व तें खरेंच होतें. पण १७ सप्टेंबरला माझें भाषण संपे. इतिहास मात्र तेथें संपला नव्हता. त्यानंतरच्या आठवड्यांत सूडाच्या भरांत असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले, घरें लुटलीं गेलीं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें त्याच वर्षाच्या अखेरीस हा मुलूख फिरून पाहिला. संस्थानांत २७ ते ४० हजार माणसें प्राणांस मुकलीं असावींत, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक पोळलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होतें आणि उस्मानाबादहि होतें. लातूर तेव्हां उस्मानाबादेंतच मोडे. तो अहवाल कित्येक दशकें लोकांपुढें आला नाहीं.

वाचकहो, आमच्या घरांतला अहवालहि असाच दडून होता. दिवाळीच्या अभ्यंगाचें पाणी आम्ही ज्या घंगाळांतून घेत असूं, तें "शेजारच्यांनीं ठेवायला दिलेलें" असें दादा सांगत. शेजारीं उर्दू शिकविणारे एक मास्तर राहत. आम्ही बार्शीला असतांना आमच्या वाड्याचें कुलूप त्यांनींच राखलें होतें. गेल्या वर्षीं नव्वदी गांठलेल्या आत्याबाई अचानक म्हणाल्या, "ठेवायला कुणीं दिलं होतं रे? आम्ही आलों तेव्हां मास्तरांचं घर मोकळं पडलं होतं. लुटींतलीं भांडीं गांवांत विकायला होतीं. दोन हाली रुपयांना दादानं तें घेतलं. बुडाशीं उर्दूंत नांव आहे, आणि दादाला उर्दू वाचतां येत होतं."

दादांचें सारें शिक्षण उर्दूंतून झालेलें. मी संस्कृतांत वाढलेला. तीं अक्षरें मला आजन्म वेलबुट्टीच वाटलीं होतीं. दादांनीं तें भांडें राखण्यासाठीं घेतलें कीं वापरण्यासाठीं, हें विचारावयास आज दादा नाहींत. पण राखण्यासाठीं घेतलें म्हणावें, तर धन्याचा शोध आम्ही कधींच केला नाहीं. मास्तरांचा नातू लातुरांत आहे हें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून अवघ्या आठ दिवसांत कळलें!

वाटेंत दुतर्फा तूर डोलत होती. गाडींत लातुरास शिकवणीसाठीं निघालेलीं मुलें गणितें सोडवीत होतीं. जळालेलें एकहि घर आतां या रस्त्यावरून दिसत नाहीं.

लातुरांत त्या गृहस्थांनीं घंगाळ उलटें करून पाहिलें व ते संकोचून म्हणाले, "मी मराठी शाळेंत शिकलों, मलाहि वाचतां येत नाहीं." मग त्यांच्या वृद्ध मातोश्री आल्या. चष्मा लावून त्यांनीं अक्षरांवरून बोट फिरविलें. "सासूबाईंचं नांव आहे. त्यांच्या लग्नांतलं."

मीं वाटेभर क्षमायाचनेचीं वाक्यें जुळविलीं होतीं. त्यांतलें एकहि आठवेना. एवढेंच म्हणालों, "वडिलांनीं दोन रुपयांना घेतलं होतं. नांव त्यांना वाचतां येत होतं."

बराच वेळ कोणीच बोललें नाहीं. मग त्या म्हणाल्या, "कुठं पोचा पडूं दिला नाहींत." आणि थोड्या वेळानें, "चहा घ्याल ना, गुरुजी?"

मीं घेतला.

येत्या १७ सप्टेंबरला शाळेनें बोलाविलें, तर पूर्वार्धाबरोबर उत्तरार्धहि सांगेन. न बोलाविलें तर नातवंडांना सांगेन. घंगाळ कोठें गेलें, असें त्यांनीं विचारलेंच आहे.