पोर्ट लुईच्या पायऱ्या

शाळेत तिकिटं जमवायचा नाद होता. त्या नादातली सर्वांत अप्राप्य चीज म्हणजे मॉरिशसची १८४७ सालची ‘पोस्ट ऑफिस’ तिकिटं: एक पेनीचं नारिंगी, दोन पेन्सचं निळं, प्रत्येकी पाचशेच छापलेली. त्यातली काही तर गव्हर्नरच्या पत्नीने नाचाच्या मेजवानीच्या आमंत्रणांवर खर्ची घातली. तेवढ्यासाठी हिंदी महासागरातलं बेट गाठणं घरच्यांच्या मते शुद्ध खूळ होतं.

पोर्ट लुईच्या ब्लू पेनी म्युझियममध्ये अस्सल जोडी आहे, पण रंग उडू नयेत म्हणून तिच्यावरचा दिवा ठराविक वेळीच लागतो. तो लागला, डोळे भरून पाहून घेतलं. हॉटेलात मात्र ‘समुद्र दिसणारी खोली’ म्हणून मिळालेल्या खोलीतून जनरेटर दिसत होता. ड्रायव्हरने आग्रहाने नेलेली सप्तरंगी माती आणि गंगा तलाव, दोन्ही सुंदर. पुढे.

बेटाचा इतिहास मोठा गमतीचा. डच १५९८मध्ये उतरले, आपल्या राजपुत्राचं नाव देऊन मोकळे झाले. त्यांच्या काळात डोडो संपत आला आणि १७१०मध्ये तेही गेले. मग फ्रेंच आले. १८१०च्या ऑगस्टमध्ये ग्रां पोर्टला फ्रेंचांनी इंग्रजी आरमाराला धूळ चारली. ती लढाई पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेली आहे. डिसेंबरमध्ये बेटच हातचं गेलं, ते कमान सांगत नाही. इंग्रजांनी तहात फ्रेंचांची भाषा, कायदे, धर्म तसेच ठेवले. दुकानांच्या पाट्या आजही फ्रेंचमध्ये आहेत.

खरा मुक्काम पडला तो आप्रवासी घाटावर, करारावरचे मजूर जिथे उतरवून घेत त्या जुन्या तळावर. जागतिक वारशाची ही जागा जेमतेम १,६४० चौरस मीटरची. शेजारून महामार्गाची वाहतूक धडधडत असते. काळ्या दगडाच्या पायऱ्या, स्वयंपाकघराचे अवशेष, न्हाणीघरं. १८३५मध्ये गुलामगिरी उठणार होती, ऊस कापायला माणसं हवी होती. १८३४पासून सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर या बेटावर आले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले रत्नागिरीकडचे मराठीही होते.

ह्यू टिंकर या इतिहासकाराने या करारपद्धतीला नवी गुलामगिरी म्हटलं. मरीना कार्टरने कागदपत्रं चाळून ते खोडलं: लोक बायकापोरांसह आले, परत जाऊन गाववाल्यांना घेऊन आले, जमिनी घेतल्या. पुरावा भक्कम आहे, पण मला सगळा पटत नाही. एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापायची, हा ‘डबल कट’ कुठल्या कराराला शोभतो? आणि १८६७च्या कायद्याने करार संपलेल्या माणसालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगायची सक्ती केली! माणूस मोकळा असेल, तर त्याला रस्त्यावर अडवून कागद कसले मागता?

गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, ती त्या मराठी मजुरांच्या वारसांमुळे. सगळ्याच मजुरांचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जहाज यांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. तुमच्या घरात ‘एक जण समुद्रापार गेला तो परतलाच नाही’ अशी गोष्ट सांगत असतील, तर तिथे चौकशी करून पाहा.