एका पेटीत दोन साप

साप एकत्र ठेवावेत की वेगवेगळे, हा प्रश्न श्रावकाच्या घरात उद्भवूच नये, असे म्हणणे सोपे आहे. भारतात तो सहसा उद्भवतही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये नाग, धामण, अजगर असे देशी साप घरी पाळणे हा गुन्हाच आहे. परंतु परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांत मुले काय मागतील याचा नेम नाही. सांगलीत हळदीची अडत असलेल्या एका घराण्याचा नातू न्यू जर्सीत वाढला. पंधराव्या वर्षी त्याने बॉल पायथन हा पश्चिम आफ्रिकेतील लहान जातीचा अजगर घरी आणला, आणि वर्षभरात त्याला वाटू लागले की बिचारा एकटा पडला आहे.

"आजोबा, पार्श्वनाथ भगवंतांच्या कथेतही नाग-नागीण जोडीनेच होते ना?" त्याने विचारले. तापसाच्या पेटत्या लाकडात होरपळलेल्या त्या युगुलाला अंतसमयी णमोकार मंत्र ऐकू आला आणि ते धरणेंद्र-पद्मावती झाले, ही कथा त्याला आजोबांनीच सांगितली होती. त्यामुळे उत्तर देणे त्यांना जरा जड गेले.

उत्तर दिले ते सापांच्या वैद्याने. हा अजगर स्वभावतः एकटा राहणारा प्राणी. पेटीच्या एका टोकाला सुमारे ३२ अंश सेल्सियस ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा आणि दोन्हीकडे अंग चोरून बसण्यापुरती एकेक ढोली, एवढीच त्याची गरज. दोन साप एकाच ढोलीत एकमेकांवर वेटोळे करून बसले की पाहणाऱ्यास ती माया वाटते. वस्तुतः उबेची उत्तम जागा दोघांनाही हवी असते. त्यात दुबळा मागे सरतो, खाणे सोडतो आणि आवाज न करता खंगत जातो. एकाने अन्न ओकले तर कोणी ओकले ते कळत नाही. एकाला गोचिडीसारखे किडे झाले की दुसऱ्यालाही होतात. किंग स्नेकसारख्या काही जाती तर दुसऱ्या सापालाच गिळतात. याला अपवाद आहेत. कॅनडात मॅनिटोबा प्रांतातील नार्सिस येथे गार्टर जातीचे हजारो साप हिवाळाभर एकाच बिळात राहतात, पण ती त्या थंडीची गरज होय.

आजोबांना यावरून शिवारातल्या धामणी आठवल्या. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिल्या की लोक त्यांना जोडपे समजून हात जोडतात. पुष्कळदा ते दोन नर असतात आणि त्यांची झुंज चाललेली असते.

पेटीचा प्रश्न असा सुटला, ताटाचा राहिला. साप शाकाहारी होत नाही. श्रावकाचारात हिंस्र प्राणी पाळणे अनर्थदंडात गणले आहे, आणि आश्रित जीवाचे अन्नपाणी रोखणे हा अहिंसाणुव्रताचा अतिचार आहे. पिंजऱ्यात जन्मलेल्या, परक्या हवेच्या त्या जीवाला रानात सोडणे म्हणजे मारणेच. आजोबांनी अडतीच्या सवयीने हिशेब मांडला. पंधरा दिवसांतून एक गोठवलेला उंदीर, वर्षाला चोवीस. हा साप तीस वर्षे सहज जगतो, म्हणजे सातशे वीस. दुसरा आणला तर एक हजार चारशे चाळीस. आकडा कागदावर पाहून नातू बराच वेळ बोलला नाही.

दुसरा साप आला नाही. पहिल्याला मोठी पेटी मिळाली. उंदरांसाठी गॅरेजमध्ये निराळा छोटा फ्रीज आहे आणि त्याला घरातले दुसरे कोणी हात लावत नाही. मुलगा दोन वर्षांनी शिक्षणासाठी बाहेरगावी जाईल. तेव्हा दर पंधरवड्याला तो फ्रीज कोणी उघडायचा, याला त्याच्या आईने अद्याप होकार दिलेला नाही.