कित्ता आणि फेरफार

गेल्या मार्गशीर्षात आमच्या मातोश्रींचे सहस्रचंद्रदर्शन झाले, त्या सोहळ्याचे २४ मिनिटांचे चित्रण पुतण्याने आपल्या मोबाइलवर केले, आणि न्यू जर्सीस असलेली माझी धाकटी बहीण, जिला रजेच्या अडचणीमुळे येता आले नव्हते, ती दुसऱ्याच दिवसापासून "दादा, व्हिडिओ कधी पाठवतोस?" असा तगादा लावू लागली. ३१ वर्षे तलाठ्याची चाकरी केल्यामुळे सारावसुलीचे तगादे लावण्याचा मला भरपूर सराव असला, तरी ते सोसण्याचा मुळीच नव्हता.

फाइल ४ जीबीची होती आणि ईमेलची कमाल मर्यादा २५ एमबीची. पुतण्याने माझ्या संगणकावर 'हँडब्रेक' नावाची फुकट मिळणारी प्रणाली बसवून दिली होती. तीत सरासरी बिटरेट भरण्याचा रकाना दिसताच माझ्यातील जुना हिशेबनीस जागा झाला. २५ एमबी म्हणजे २०० मेगाबिट; त्यांस १,४४० सेकंदांनी भागले की एका सेकंदाच्या वाट्यास जेमतेम १३९ किलोबिट येतात, आणि तेवढ्यातच चित्र व सनई या दोघांचा गुजारा व्हावयाचा. बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे याहून अधिक खातरजमा करण्याची मला त्या वेळी गरज वाटली नाही.

तयार झालेली फाइल टीव्हीवर लावून मी आईस दाखवली. ती हात जोडून पाटावर स्वस्थ बसली होती तोवर चित्र बरे होते. परंतु औक्षण आटोपून नातवंडांनी झेंडूच्या आणि शेवंतीच्या पाकळ्यांची ओंजळीओंजळीने वृष्टी आरंभली, तेव्हा पडद्यावर पिवळ्या-नारिंगी चौकटींचा असा काही गोंधळ माजला की त्यात आईचे मुखही विरून गेले. "अरे, फुलं उधळली होती ना पोरांनी?" आई म्हणाली, "हा तर नुसता हळदीचा चिखल दिसतोय."

पुतण्याने कारण सांगितले, ते मला माझ्याच दप्तराच्या भाषेत समजले. मोबाइलने टिपलेल्या प्रत्येक फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख बिंदू, प्रत्येक बिंदूस तीन बाइट आणि सेकंदास ३० फ्रेम, असा कच्चा जमाखर्च मांडला तर आमचा सोहळा एक टेराबाइटच्याही वर जातो. तो ४ जीबीत मावला याचा अर्थ मोबाइलने चित्रण करतानाच बहुतेक मजकूर गाळला होता. गाळण्याची रीत अशी, की अधूनमधून एक की-फ्रेम पूर्ण लिहावयाची, आणि पुढच्या फ्रेममध्ये जे बदलले नाही तेथे केवळ 'कित्ता' म्हणावयाचे, जे सरकले त्याची 'अमुक तुकडा इतका उजवीकडे' अशी फेरफार नोंद घ्यावयाची. उरलेल्या तपशिलाचे प्रत्येक चौकटीपुरते लहानमोठ्या तरंगांत रूपांतर करून त्यांतील डोळ्यांस सहसा न जाणवणारे सूक्ष्म तरंग सोडून द्यावयाचे. या रूपांतराचे गणित बंगळुरात जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले. स्वस्थ बसलेली आई कित्त्यावर भागते. शेकडो पाकळ्या एकाच वेळी गिरक्या घेत खाली येऊ लागल्या की जवळजवळ प्रत्येक चौकटीस नवा फेरफार लागतो, आणि १३९ किलोबिटांच्या तुटपुंज्या शिध्यात तो लिहिणे अशक्य होते.

दुसऱ्या खेपेस म्हणून आकाराचा हुकूम न सोडता गुणवत्तेचा आकडा २२ ठेवला, म्हणजे जेथे बदल अधिक तेथे प्रणालीने अधिक खर्च करावा, अशी तिला मुखत्यारी दिली. रेझोल्यूशन १०८० वर आणले. २०१३ सालचा एच.२६५ कोडेक घेतला असता तर फाइल आणखी बरीच लहान झाली असती, परंतु बहिणीच्या जुन्या टीव्हीवर ती उघडेल याचा भरवसा नव्हता, यास्तव २००३ सालचा एच.२६४ पत्करला. फाइल ६०० एमबीच्या आसपास झाली, आणि व्हॉट्सअॅपवर ती व्हिडिओ म्हणून न धाडता 'डॉक्युमेंट' म्हणून, अर्थात दस्तऐवजाच्या इतमामाने, रवाना केली. कारण व्हिडिओ म्हणून गेलेल्या फाइलची वाटेत पुन्हा छाटणी होते, दस्तऐवजास कोणी हात लावीत नाही.

"काका, आता मूळ फाइल उडवू का? मोबाइल गच्च भरलाय," असे पुतण्याने विचारले, तेव्हा मी त्याचा हात धरला. एकदा गाळलेला तपशील नक्कल पुन्हा मोठी केल्याने परत येत नाही. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागद ४५ खंडांत छापले, म्हणून पुण्याचे मूळ रुमाल कोणी जाळून टाकले नाहीत. मूळ फाइल एका हार्ड डिस्कवर उतरवून, ती तांबड्या फडक्यात बांधून मी कपाटात ठेवली.

चार दिवसांनी बहिणीचा फोन आला. फुलांच्या वर्षावात एक पाकळी आईच्या चष्म्याच्या काचेवर चिकटते, आई ती बोटाने हळूच काढते आणि फेकून न देता मुठीत धरते. तेवढाच भाग तिने पुनःपुन्हा पाहिला होता. सोहळ्यात मी आईच्या शेजारीच बसलो होतो, तरी मला ते दिसले नव्हते. माझ्या २५ एमबीच्या नकलेत मुद्दाम शोधून पाहिले, तर तेथे चष्म्यावर एक पिवळी चौकट येते आणि जाते, एवढेच.

त्या रात्री मला पीकपाहणीचे दिवस आठवले. उन्हाच्या कडाक्यात दूरच्या शिवारापर्यंत पायपीट नको, म्हणून चावडीत बसूनच कित्येक गटांपुढे मी गतवर्षीचा शाळू कायम करून 'कित्ता' लिहिला होता. त्यांपैकी एखाद्या वावरात त्या वर्षी कोणी प्रथमच हरभरा पेरला असेल, तर त्याची नोंद माझ्या दप्तरात नाही. आणि त्या वर्षांचे मूळ शिवार कोणत्याही फडक्यात बांधून ठेवलेले नाही.