दोन हुकूम आणि एक चाकर

संगणकाच्या काळ्या पडद्यावर अक्षरे टंकून हुकूम सोडण्याची विद्या आम्ही जरा उशिराच शिकलो. यंदाच्या अंकाचे लेख शाळेच्या ज्या यंत्रावर होते, ते लिनक्सचे. आमच्यासारख्या धांदरटांसाठी कोणा जाणत्याने त्यात एक सोय केली होती. नक्कल करणारी 'सीपी' किंवा पुसून टाकणारी 'आरएम' ही आज्ञा लिहिली, की तिच्यामागे 'आय' हे अक्षर आपोआप लागे. 'आय' म्हणजे आधी विचार, मग कर.

जुन्या प्रतींवर नव्या नकला करू लागलो, तो प्रत्येक लेखाला प्रश्न! त्रासून आम्ही 'एफ' जोडले. ते जबरदस्तीचे अक्षर, असे ऐकून होतो. तरी प्रश्न थांबेनात. तेव्हा आम्ही अनुमान काढले, की 'आय'पुढे 'एफ'चे काही चालत नाही. (कला शाखेच्या पदवीधरास अनुमानाची हौस फार.)

मग मूळचा पसारा आवरण्यास 'आरएम' लिहिले. सवयीने 'एफ'ही टंकले गेले, ते तसेच राहू दिले. एकेका लेखाविषयी विचारणा होईल, हवा तो राखू, असा बेत होता. विचारणा झालीच नाही. क्षणात सारे साफ! आणि येथे पुन्हा उचलून घ्यायला कचरापेटीही नसते.

पुढे उलगडा झाला. 'आरएम'पाशी ही दोन अक्षरे परस्परविरोधी, आणि जे शेवटी लिहिले तेच खरे. 'आय' गुपचूप आधी लागलेले, आमचे 'एफ' नंतरचे. 'सीपी'पाशी मात्र त्यांचे भांडणच नाही. तेथे 'एफ' म्हणजे एवढेच, की जागेवरची जुनी फाइल उघडता आली नाही, तर ती काढून पुन्हा प्रयत्न कर. इंदुरात राहून हे आमच्या ध्यानी येऊ नये! 'शिक्षा' म्हटले की आपल्या वर्गातील मुले दचकतात, आणि हिंदी शाळांच्या भिंतींवर तोच शब्द सन्मानाने मिरवतो.

'टार' नावाचा चाकर आम्हांला अधिक आवडतो. 'गाठोडे बांध' आणि 'गाठोडे सोड' असे एकदम सांगितले, तर तो काहीएक न करता सरळ तक्रार करतो.

बाकीच्या लेखांच्या प्रती होत्या. आठवीतील एका मुलीचा सराफ्यावरील निबंध तेवढा त्याच दिवशी आलेला, नक्कल व्हायचा राहिलेला. आम्ही तिला स्वतः जाऊन सांगितले. तिने तो आठवून पुन्हा लिहिला. याच अंकात आहे. देताना म्हणाली, "सर, गरम गराडूवर एक छान वाक्य होते, ते काही केल्या आठवत नाही."

आम्हांलाही आठवले नाही.