उष्टावणानंतरची वाटी

नातवाचे उष्टावण गेल्या आश्विनात झाले. चांदीची वाटी, तांदळाची खीर, मामाची मांडी. सारे यथासांग पार पडले. समारंभ अर्ध्या तासाचा असतो. वाटीत काय घालावे आणि ते किती घट्ट असावे, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी सुरू होतो.

आपल्या घरांत याचे ठरलेले उत्तर म्हणजे मुगाच्या डाळीवरचे पाणी. पचायला हलके खरे, परंतु डाळ तळाशी राहते आणि बाळाचे पोट पाण्यानेच भरते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईचे दूध पुरेसे असते. पुढे ते चालू ठेवायचेच, पण एकट्या दुधावर भागत नाही. जन्मतः मिळालेली लोहाची शिल्लक याच सुमारास संपत येते. (‘शिल्लक’ म्हटल्यावर माझ्यासारख्या बँकवाल्याला चटकन उमजले.) सूनबाई म्हणाली, “पप्पाजी, चमचा तिरका केला तरी घास ओघळू नये, इतके घट्ट हवे.” तेव्हापासून डाळ-भात घोटून, वर साजूक तूप आणि लिंबाचे दोन थेंब. लिंबामुळे डाळीतील लोह अंगी लागते. कंदमुळे नाहीत म्हणून बाळाचे काही अडत नाही. लाल भोपळा, दुधी, केळे, नाचणी, मसूर आहेतच. मध आपल्याला वर्ज्य. डॉक्टरही वर्षाच्या आतील बाळाला तो देऊ नका म्हणतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी जेमतेम ११ टक्क्यांना पुरेसा आहार मिळतो. उरलेल्यांत धान्याची कोठारे भरलेली घरेही असणारच.

आपल्या बीड जिल्ह्यातून दर हंगामात लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. उचल मिळाली की शिधा भरायला टोळ्या मोंढ्यात येतात. गेल्या हंगामात सात महिन्यांचे मूल कडेवर घेतलेल्या एका मातेने आमच्या दुकानात बाळासाठी म्हणून बिस्किटांचे पुडे मागितले. अंगणवाडीतून सहा महिन्यांपुढील बालकांना घरी न्यायचा आहार मिळतो. पण नाव गावच्या पटावर आणि मूल उसाच्या फडात! पहाटे कोयता हाती घेणाऱ्या बाईने दिवसातून तीनदा चूल पेटवावी, असे आपण कोणत्या तोंडाने सांगावे?

सौभाग्यवतींनी घरातून भरडीची पिशवी आणून तिला दिली. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ. धुऊन, वाळवून, खमंग भाजून, बारीक दळलेले. वाटीभर पाण्यात दोन मोठे चमचे कालवून पाच-सात मिनिटे शिजवले की झाले. तिने भाव विचारला नाही, विचारले, “किती दिवस टिकंल?” कोरड्या डब्यात महिनाभर टिकते.

यंदा मुलाने पाव किलोच्या पुड्या बांधून बिस्किटांच्या शेजारी मांडल्या आहेत, खरेदीच्या भावात. टोळ्या निघायला अजून पंधरा दिवस आहेत. मोंढ्यातील ज्या बंधूंना आपल्या दुकानात अशा पुड्या ठेवायच्या असतील, त्यांच्यासाठी प्रमाण वर दिलेच आहे.