स्क्रूवर तरलेली तार

रात्री पावणेतीनला सायरन बोंबलला. सलग तिसरी रात्र. पहिल्या रात्री काठी घेऊन जिना उतरलो होतो, दुसऱ्या रात्री नुसताच. या खेपेला पांघरुणातूनच बायकोला म्हणालो, "चोर असेल तर त्यालाच बंद करायला सांग."

अलार्मच्या पॅनेलवर झोन २, म्हणजे नाशिकच्या आमच्या घराचं मागचं दार. दाराला कडी होती. सकाळी मल्टिमीटर काढला आणि त्या झोनच्या दोन तारा पॅनेलमधून सोडवल्या. दाराच्या टोकाला सेन्सरबरोबर ५.६ किलोओहमचा रेझिस्टर आहे. दार बंद असताना मीटरवर तेवढेच ओहम दिसायला हवेत. तार तुटली तर सर्किट ओपन, कुणी शॉर्ट केली तर शून्य. पॅनेलला दोन्ही कळतं. आमचा आकडा बरोबर होता, पण शेजारच्या खोलीचं दार जरा आपटून लावलं की क्षणभर गायब व्हायचा.

मग भिंतीकडे नजर गेली. बाबांचा फोटो! गेल्या रविवारी शेजाऱ्यांचं ड्रिल आणून मीच लावलेला. स्क्रू बोटानं हलवला आणि मीटरवरचा आकडा नाचायला लागला.

ओळखीच्या वायरमन काकांना फोन केला. "चार तारांची केबल असणार. दोन रिकाम्या असतील, त्यांच्यावर घ्या की," ते म्हणाले. घेऊन पाहिलं. त्यातली लाल पार तुटलेली. नवी केबल ओढावी, तर बांधणाऱ्यानं पाइप न घालता ती थेट गिलाव्यात गाडलेली. कुणाला दिसणार आहे, या हिशेबानं केलेली कामं अशीच कधीतरी दिसतात.

मेन बंद केला. पॅनेलमधल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचीही वायर काढली. नाहीतर मेन बंद असूनही सायरन वाजतोच. छन्नीनं वीतभर गिलावा हळूहळू काढला. आत पाहिलं आणि हसूच आलं. झोनच्या पिवळ्या तारेत केसासारखे सात धागे. सातही तुटून स्क्रूच्या आट्यांना दोन्हीकडून चिकटलेले. म्हणजे स्क्रूनंच तार तोडली होती आणि आठवडाभर तोच ती जोडूनही धरत होता. भिंत हादरली की हात सोडायचा, एवढंच.

गाडलेल्या केबलला ढील नसते, म्हणून मधे नवा तुकडा घातला. चार तारा, आठ जोड. जोड एका रेषेत आले तर गाठोडं होतं, म्हणून मागेपुढे घेतले. पहिला जोड झकास डाग देऊन झाला आणि जोडावर सरकवायची आकसनळी (हीट-श्रिंक) आधी ओवायची राहिली, हे लक्षात आलं. तोडून पुन्हा. उरलेल्या सातांना विसरलो नाही.

जोड भिंतीत पुरले नाहीत. छोटी पेटी बसवून वर पांढरं झाकण लावलं. मीटरवर ५.६. दारं आपटून पाहिली, तरी ५.६.

"झाकण वाईट दिसतंय," बायको म्हणाली. "त्यावरच फोटो लाव ना."

मी ड्रिल त्याच संध्याकाळी परत करून आलो.